आधी टर्मिनलला विचार

अगं, कामाचं बोलण्याआधी एक सांगते. एडिटरमधलं टेस्टचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, म्हणून तुला प्रोग्रामिंग येत नाही असं होत नाही. नवी नोकरी, शेजारच्या खुर्चीतला मुलगा एका क्लिकमध्ये हिरव्या खुणांची रांग उभी करतोय, आणि तुझ्या स्क्रीनवर गोल चक्र नुसतं फिरतंय. अशा वेळी विचारायची लाज वाटते, हे मला कळतं. मग आपण गपचूप तो भाग सोडून देतो आणि टेस्ट न चालवताच कोड पुढे पाठवतो. एवढं एक करू नकोस गं. बटण कुणाचंही बिघडतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ‘टेस्ट चालवल्या का?’ या प्रश्नाला अर्धवट मान हलवायची सवय लागली, की ती पुढे फार महागात पडते.

तू व्हीएस कोड वापरतेस, त्यात पायथनचं एक्स्टेन्शन, आणि टीममध्ये पायटेस्ट. मी तेच धरून बोलते. जावा किंवा जावास्क्रिप्टमध्ये नावं बदलतील, दुखणं मात्र बहुतेक वेळा याच जागी निघतं.

आधी हे पक्कं समजून घे की एक्स्टेन्शन स्वतः टेस्ट चालवत नाही. ते तुझ्या वतीने एक कमांड देतं, एवढंच. मशीनवरचा कोणता पायथन वापरायचा ते ठरवतं, त्या पायथनला पायटेस्ट चालवायला सांगतं. पायटेस्ट फोल्डर धुंडाळून टेस्टच्या फाइली शोधतं, एकेक फाइल इम्पोर्ट करतं, आणि आत काय काय सापडलं त्याची यादी एक्स्टेन्शनला कळवतं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या पात्राचं चित्र असलेल्या खिडकीत तुला जी यादी दिसते ना, ती ही. त्या यादीपुढचं बटण दाबलंस की हाच प्रवास पुन्हा होतो, या वेळी टेस्ट खरोखर चालवून. म्हणजे शोधणं हे एक काम आणि चालवणं हे दुसरं. ‘टेस्ट चालत नाहीत’ असं तू म्हणतेस, तेव्हा मी विचारणार की यादी दिसते का? यादीच नसेल तर बिघाड शोधण्यात आहे, आणि बटणाशी झटापट करून काही हाती लागणार नाही.

घरी नळाला पाणी आलं नाही की आई काय करायची, आठव. पाना घेऊन नळ खोलायला बसायची नाही. खिडकीतून शेजारच्या काकूंना विचारायची, ‘तुमच्याकडे येतंय का पाणी?’ त्यांच्याकडे येत असेल तर बिघाड आपल्या घरात, नसेल तर वरूनच बंद. तुझ्याकडे तो शेजार म्हणजे टर्मिनल. एक्स्टेन्शन जी कमांड देतंय, तीच तू आपल्या हाताने देऊन बघ. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये उभी राहा आणि टाइप कर: पायथन, मग छोटी रेघ देऊन एम, मग पायटेस्ट. नुसतं ‘पायटेस्ट’ लिहूनही चालतं, पण मी मुद्दाम लांबचा रस्ता सांगते. नुसतं लिहिलंस तर मशीनवर जे पायटेस्ट आधी सापडेल ते धावतं, आणि ते कुठल्या पायथनचं आहे याचा तुला पत्ता नसतो. एम लावलंस की याच पायथनचं पायटेस्ट धावणार, हे नक्की. शिवाय तू जिथे उभी आहेस तो फोल्डर इम्पोर्ट शोधण्याच्या रस्त्यांमध्ये जोडला जातो. नुसत्या पायटेस्टने तो जोडला जात नाही, म्हणून कधी कधी एक कमांड चालते आणि दुसरी ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणून अडते. ते विचित्र वाटतं, पण कारण इतकं साधं आहे.

आता टर्मिनल काय म्हणतं ते वाच. खरंच वाच. लाल अक्षरं दिसली की तुझी नजर वरून घसरते, मला माहीत आहे. ट्रेसबॅक खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत एररचं नाव असतं, त्याच्या वरच्या ओळीत जागा.

पायटेस्ट नावाचं मॉड्यूलच नाही असं आलं, तर ते या पायथनमध्ये बसवलेलंच नाही. तुझ्या एखाद्या फाइलचं नाव घेऊन इम्पोर्ट एरर आला, तर एक्स्टेन्शन निर्दोष आहे, गडबड कोडमध्ये किंवा फोल्डरच्या मांडणीत आहे. आणि टर्मिनलमध्ये सगळं व्यवस्थित चाललं, पण एडिटरमध्ये नाही, तर मग आणि तेव्हाच एडिटरकडे वळायचं. या एका पावलाने निम्मं रान मोकळं होतं. एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाकायचा सल्ला तुला पहिल्याच दिवशी कुणीतरी देईल. इतक्यात ऐकू नकोस. एक्स्टेन्शन पुन्हा टाकल्याने चुकीचा पायथन बरोबर होत नाही, प्रोजेक्टच्या फोल्डरमधली सेटिंग्जची फाइल बदलत नाही, आणि बहुतेक वेळा दोष या दोहोंतच असतो.

पायथनच्या निवडीवर थोडं थांबते, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ इथेच वाया जातो. एका लॅपटॉपवर पायथन एकच असतो असं आपण गृहीत धरतो. विंडोजवर बघशील तर संकेतस्थळावरून उतरवलेला एक, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेला दुसरा, कॉलेजात असताना ॲनाकोंडाबरोबर बसलेला तिसरा, आणि प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला चौथा. तू पायटेस्ट बसवलंस ते एकात, आणि एक्स्टेन्शन बघतंय दुसऱ्यात. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत. पायथनची कुठलीही फाइल उघडी ठेव आणि खिडकीच्या तळाशी उजवीकडे बघ, तिथे निवडलेल्या पायथनची आवृत्ती दिसते. ती बदलायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबून कमांड पॅलेट उघड आणि ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ शोध. यादीतून प्रोजेक्टच्या आतला पर्याय निवड, म्हणजे ज्याच्या पत्त्यात ‘डॉट व्हेन्व’ किंवा टीमने ठेवलेलं तसलं नाव दिसतं तो. मग टर्मिनलमध्ये सिस मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातलं ‘एक्झिक्युटेबल’ छापून बघ. दोन्ही पत्ते अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. आवृत्तीचा आकडा सारखा आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस. एकाच आवृत्तीचे दोन पायथन वेगवेगळ्या जागी सुखाने नांदत असतात.

पॅकेज बसवतानाही तोच नियम. नुसतं पिप लिहू नकोस, पायथन, रेघ-एम, पिप असं लिही, म्हणजे जे बसेल ते याच पायथनमध्ये बसेल. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत किंवा मॅकवर होमब्रूच्या पायथनमध्ये पिप तुला अडवेल आणि सांगेल की हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं. तो अडथळा तुझ्या भल्यासाठी आहे. जबरदस्तीने पुढे जायचा पर्यायही तिथे दिसतो, त्याला हात लावू नकोस. प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार कर आणि त्यात बसव. ते एन्व्हायर्नमेंट दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर आणलंस किंवा फोल्डरची जागा बदललीस, तर ते मोडेल, कारण त्याच्या आत मूळ पायथनचे आणि स्वतःच्या जागेचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. मोडलं तर डागडुजी करत बसू नकोस. रिक्वायरमेंट्सची फाइल जवळ आहे ना? मग ते उडव आणि नवं कर, काही मिनिटांचं काम आहे.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एन्व्हायर्नमेंट चालू करताना ‘स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही’ असं आलं, तर कंपनीच्या लॅपटॉपवर तो नियम आयटीवाल्यांनी लावलेला असू शकतो. स्वतः नियम बदलण्याआधी त्यांना विचार. तोपर्यंत अडून बसायचं कारण नाही. एन्व्हायर्नमेंटच्या आत ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये पायथन असतो, मॅक आणि लिनक्सवर तो ‘बिन’मध्ये. पूर्ण पत्ता देऊन तो थेट चालवला की ‘ॲक्टिव्हेट’ करायची गरजच नाही.

आता फोल्डर. एडिटरमध्ये तू फाइल उघडलीस की फोल्डर? डेस्कटॉपवरून एकच फाइल ओढून आणलीस तर एक्स्टेन्शनला प्रोजेक्ट कुठून सुरू होतो ते कळत नाही. आणि चार प्रोजेक्टांना पोटात घेणारा वरचा फोल्डर उघडलास, तर ते चुकीच्या जागी उभं राहून शोधतं. ज्या फोल्डरमध्ये पायप्रोजेक्टची टॉमल फाइल किंवा पायटेस्टची आयएनआय फाइल आहे, तोच उघडायचा. फोल्डर पहिल्यांदा उघडताना ‘या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का?’ असा प्रश्न येतो, तो २०२१ पासून आहे. तिथे नाही म्हटलंस की एडिटर मर्यादित अवस्थेत उघडतो, आणि त्या अवस्थेत टेस्ट चालत नाहीत, कारण टेस्ट चालवणं म्हणजे त्या फोल्डरमधला कोड तुझ्या मशीनवर चालवणं. कंपनीच्या रेपॉझिटरीला हो म्हण. पण अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या झिपला केवळ टेस्ट दिसाव्यात म्हणून हो म्हणू नकोस, आधी आत काय आहे ते वाच. एवढी सावधगिरी बाळगच.

यादी येते, पण तुझी टेस्ट तिच्यात नाही, असंही होतं. मग नावं तपास. पायटेस्ट फाइलचं नाव बघतं. सुरुवातीला ‘टेस्ट’ आणि अंडरस्कोअर हवा, किंवा शेवटी अंडरस्कोअर आणि ‘टेस्ट’. फंक्शनचं नाव ‘टेस्ट’ने सुरू व्हायला हवं. क्लासचं नाव मोठ्या टी-ने, ‘टेस्ट’पासून, आणि त्या क्लासला स्वतःचं इनिट असता कामा नये. इनिट असलेला क्लास पायटेस्ट इशारा देऊन वगळतं, आणि तो इशारा कुणी वाचत नाही. अजून एक बघ. एकाच फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शन्स असली, तर पायथन कुरकुर न करता पहिलं टाकून दुसरं ठेवतो. कॉपी-पेस्ट करताना नाव बदलायचं राहिलं की तुझी एक टेस्ट नाहीशी होते आणि उरलेल्या सगळ्या हिरव्या दिसतात.

इथे मला जरा कळकळीने बोलायचंय. लाल खूण दिसली की तुझा जीव घाबरतो, पण लाल खूण म्हणजे कुणीतरी काम केलं आणि तुला खरं सांगितलं. मला भीती वाटते ती शून्याची. ज्या टेस्ट कधी सापडल्याच नाहीत, त्या कधी नापासही होत नाहीत. पायटेस्टने याचा विचार नीट केला आहे. काम संपल्यावर ते एक आकडा परत देतं. सगळं पास झालं तर ०, काही टेस्ट नापास झाल्या तर १, कमांडच चुकीची लिहिली असेल तर ४, आणि एकही टेस्ट सापडली नाही तर ५. शून्य टेस्टला ते यश मानत नाही. पायथनबरोबर येणाऱ्या युनिटटेस्टमध्ये मात्र वर्षानुवर्षं एकही टेस्ट न चालता शेवटी ‘ओके’ छापलं जायचं. पायथनच्या ३.१२ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, तिथेही शून्य टेस्टसाठी ५ हा आकडा आला. म्हणून रंग बघण्याआधी संख्या बघ. काल यादीत जितक्या टेस्ट होत्या, तितक्या आज आहेत का? नव्या लिहिल्या असतील तर संख्या वाढली का? ही एक नजर टाकायची सवय लावून घे.

शोधताना फाइल इम्पोर्ट होते, असं मी वर म्हटलं. त्याचे परिणाम लक्षात घे. फाइलमध्ये फंक्शनच्या बाहेर, मोकळ्यावर लिहिलेला कोड इम्पोर्ट होतानाच धावतो. तिथे कुणी डेटाबेसशी जोडणी केली असेल, सर्व्हरकडून काही मागवलं असेल, तर टेस्ट नुसत्या शोधतानाही ते सगळं घडतं. सर्व्हर उत्तर देईपर्यंत चक्र फिरत राहतं. तुझं चक्र थांबत नव्हतं ना? मला पहिला संशय याचाच आहे. ‘कॉन्फटेस्ट’ नावाची फाइल आधी बघ, कारण ती सगळ्यांच्या आधी वाचली जाते, आणि तिच्यात एक चूक असली की यादीच कोसळते. असं काही सापडलं तर तो कोड फिक्श्चरमध्ये हलव, म्हणजे टेस्टला लागेल तेव्हाच तो धावेल.

पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता असली माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येत असेल तर आणखी एक गंमत होते. टर्मिनलमध्ये तू हाताने ‘एक्स्पोर्ट’ केलेलं व्हेरिएबल फक्त त्या टर्मिनलपुरतं असतं, एक्स्टेन्शनला ते दिसत नाही. उलट प्रोजेक्टच्या मुळाशी असलेली ‘डॉट ईएनव्ही’ फाइल पायथनचं एक्स्टेन्शन स्वतः वाचतं, आणि टर्मिनलमधून चालवताना ती आपोआप वाचली जाईलच असं नाही. म्हणून एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही. ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नकोस, हे वेगळं सांगायला नको.

आणि नावांची टक्कर. दोन वेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या टेस्ट फाइली असल्या, आणि त्या फोल्डरांत दोन्हीकडे अंडरस्कोअरांत बसवलेली ती रिकामी इनिटची फाइल नसली, तर पायटेस्ट म्हणतं की इम्पोर्ट केलेली फाइल जुळत नाही. रिकामी इनिट फाइल ठेव किंवा टेस्ट फाइलचं नाव बदल, दोन्ही चालतं. मी नाव बदलते, नंतर वाचणाऱ्याला बरं पडतं. स्वतःच्या फाइलला ‘रँडम’ किंवा ‘जेसन’ असं पायथनमध्ये आधीच असलेलं नाव दिलंस, तर तुझीच फाइल आधी सापडेल आणि एरर भलतीकडे दाखवेल.

समजा टर्मिनलमध्ये सगळं ठीक आहे. आता एडिटरकडे ये. खाली ‘आउटपुट’चं पॅनेल उघड आणि त्याच्या उजवीकडच्या यादीतून ‘पायथन’ निवड. फार थोडी माणसं तिथे जातात, आणि उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. एक्स्टेन्शनने कोणत्या पत्त्यावरचा पायथन वापरला, कोणत्या फोल्डरमध्ये उभं राहून, कोणते पर्याय लावून कमांड दिली, हे तिथे सापडतं. ती तुझ्या टर्मिनलमधल्या कमांडशेजारी ठेव आणि फरक शोध. पायटेस्टसोबत एक्स्टेन्शन आपलं एक छोटं प्लगइन जोडतं, यादी आणि निकाल परत मिळावेत म्हणून. ते तिथे दिसलं तर दचकू नकोस.

मग प्रोजेक्टमधल्या ‘डॉट व्हीएस कोड’ फोल्डरची सेटिंग्ज फाइल उघड. पायटेस्ट आणि युनिटटेस्ट दोन्ही चालू ठेवलेले दिसले तर एक बंद कर. दोन्ही चालू असले की एक्स्टेन्शन फक्त पायटेस्ट चालवतं, आणि युनिटटेस्टची वाट बघणारा माणूस बघतच राहतो. पायटेस्टला द्यायच्या पर्यायांत एखाद्या जुन्या फोल्डरचं नाव राहिलंय का? कुणीतरी फोल्डरचं नाव बदलतं आणि ही ओळ तशीच राहते. ‘सीडब्ल्यूडी’ नावाचं सेटिंग, म्हणजे कुठे उभं राहून कमांड द्यायची ते, बरोबर आहे का? हाताने लिहायचा कंटाळा असेल तर कमांड पॅलेटमधून ‘कॉन्फिगर टेस्ट्स’ चालव, ते विचारून विचारून ही फाइल भरतं.

डब्ल्यूएसएल किंवा कंटेनरमध्ये काम करत असशील तर एक्स्टेन्शन तिकडच्या बाजूलाही बसवलेलं हवं. विंडोजच्या बाजूला आहे म्हणून लिनक्सच्या बाजूला आपोआप येत नाही.

एवढं करूनही नाही जमलं, तर ‘रीलोड विंडो’. तरी नाही, तर मग दुसऱ्या एक्स्टेन्शनचा संशय घ्यायचा. त्यासाठी एडिटरमध्येच ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ आहे. ते अर्धी एक्स्टेन्शन्स बंद करतं आणि तुला विचारतं, अजून बिघाड आहे का? उत्तरावरून उरलेल्यांतली अर्धी, मग त्यातली अर्धी. तीस-बत्तीस एक्स्टेन्शन्स असली तरी पाचएक प्रश्नांत दोषी सापडतं. कालच्या अपडेटनंतर बिघडलं असेल तर एक्स्टेन्शनच्या पानावरून जुनी विशिष्ट आवृत्तीही बसवता येते.

इंटरनेटवर शोधताना उत्तराची तारीख बघ. या विषयात तारखेला फार महत्त्व आहे. व्हीएस कोडचं पहिलं रूप २०१५ मध्ये लोकांसमोर आलं, पण टेस्टसाठी सगळ्या एक्स्टेन्शनना सामायिक अशी व्यवस्था एडिटरमध्ये पक्की झाली ती २०२१ मध्ये, १.५९ या आवृत्तीत. त्याआधी प्रत्येक एक्स्टेन्शन आपल्या परीने टेस्ट दाखवायचं. त्याच सुमारास पायथनचा पत्ता लिहायचं जुनं ‘पायथनपाथ’ सेटिंगही बाद झालं. त्यामुळे २०१९ चं उत्तर, मग त्याला कितीही पसंती मिळालेली असो, तुला मृत सेटिंग बदलायला लावेल आणि काहीही होणार नाही. एआयला विचारलंस तरी हेच, त्याच्या वाचनात ती जुनी उत्तरंही असतात. त्याला ‘टेस्ट चालत नाहीत’ एवढंच सांगू नकोस, आउटपुटमधली ओळ दे. आणि टेस्टच बदलून हिरवी करून देतो म्हणालं, तर थांब.

एक मला फार आवडणारी गोष्ट सांगते. डिझाइन पॅटर्न्सचं ते १९९४ चं पुस्तक तू अभ्यासलंस ना, चार लेखकांचं? त्यातले एक एरिख गामा. १९९७ मध्ये झ्युरिकहून अटलांटाला एका परिषदेसाठी जाताना, विमानात ते आणि केंट बेक शेजारी बसून प्रोग्रामिंग करत होते, आणि त्यातून जावाचं टेस्टसाठीचं साधन जेयुनिट जन्माला आलं. आज कितीतरी भाषांत टेस्ट लिहायची जी पद्धत रुळली आहे, तिच्यावर त्या कामाची मोठी छाप आहे. पुढे व्हीएस कोड घडवणाऱ्या झ्युरिकच्या टीमचं नेतृत्वही गामांनीच केलं. तू ज्या खिडकीशी भांडते आहेस, तिच्यामागे टेस्टवर आयुष्यभर जीव लावलेली माणसं आहेत. माझा तरी यामुळे धीर वाढतो.

टेस्ट चालते, पण डीबग करताना ब्रेकपॉइंटवर थांबत नाही, ही तुझी दुसरी तक्रार. प्रोजेक्टमध्ये पायटेस्ट-कव्ह आहे का बघ. कोडची कोणती ओळ धावली हे मोजणारं कव्हरेज आणि ओळीवर थांबवणारा डीबगर, दोघंही पायथनच्या एकाच सोयीवर हक्क सांगतात, आणि कव्हरेज जिंकलं तर डीबगर आंधळा होतो. डीबग करताना कव्हरेज बंद ठेवायचं. त्याच ‘डॉट व्हीएस कोड’ फोल्डरमधल्या ‘लाँच’च्या फाइलमध्ये टेस्ट डीबगसाठी वेगळी नोंद करून तिथे पायटेस्टच्या जादा पर्यायांत ‘नो-कव्ह’ घाल, म्हणजे रोजच्या चालवण्यात कव्हरेज तसंच राहील.

आणि आता मदतीचं. अर्धा-पाऊण तास मन लावून शोधलंस, नाही सापडलं, की विचार. संध्याकाळपर्यंत कुढत बसू नकोस. टीममधल्या दादांना ‘टेस्ट चालत नाहीत’ म्हणालीस तर ते म्हणतील ‘माझ्याकडे चालतायत’, आणि बोलणं तिथेच संपेल. असं सांग: टर्मिनलमधून चालतात, एडिटरमध्ये यादी येत नाही, पायथनचा पत्ता हा, एक्स्टेन्शनची आवृत्ती ही, आउटपुटमधली ओळ ही. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कुणी नवखी समजत नाही. एक्स्टेन्शनचाच दोष वाटला तर एक फाइल आणि एक टेस्ट असलेला नवा फोल्डर करून तिथे तोच बिघाड होतो का बघ. होत असेल तर एडिटरच्या ‘रिपोर्ट इश्यू’मधून कळव. पाठवण्याआधी लॉगमधून पासवर्ड, टोकन, कंपनीच्या सर्व्हरची नावं काढ, आणि ऑफिसचा कोड बाहेर कुठेही चिकटवू नकोस.

सापडलं की तिथेच सोडू नकोस, प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये दोन ओळी घाल: कोणता फोल्डर उघडायचा आणि टर्मिनलमधून कोणती कमांड द्यायची. सेटिंग्जच्या फाइलमधून पायटेस्ट चालू असल्याची आणि टेस्टच्या फोल्डरची ओळ गिटमध्ये जाऊ दे, पण तुझ्या लॅपटॉपवरच्या पायथनचा पूर्ण पत्ता असलेली ओळ जाऊ देऊ नकोस. ती गेली तर पुढच्या महिन्यात रुजू होणाऱ्या मुलीच्या मशीनवर तो पत्ता नसेल, आणि तिचं चक्र फिरत राहील.